तौबा तुटते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

व्यसनमुक्ती केंद्राच्या ओसरीवर बसलेल्या बायकांच्या मनात एक प्रश्न असतो. नवरा महिनाभर आत राहून आला, चार महिने चांगला वागला, शेजारीपाजारी म्हणायला लागले की माणूस सुधारला. आणि एका रात्री कुणाच्या तरी वरातीतून तो पिऊन परतला. आता काय? सगळं पाण्यात गेलं का? अशा वेळी समुपदेशक सांगतात, 'घाबरू नका, पुन्हा पिणं हा बरं होण्याचाच एक भाग असतो.' बाईला जरा धीर येतो. शेजारी बसलेला नवराही ते ऐकत असतो. त्याच्या कानाला ते वेगळं लागतं. अधूनमधून घेतली तरी ती हिशेबात धरलेली आहे, असं तो समजतो.

हे वाक्य कितपत खरं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे. कविता करतो आणि जुन्या तवारिखा वाचतो. दारू सोडायला निघालेल्या माणसांच्या हकिकती त्यात पुष्कळ आहेत, आणि काही तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचल्या की या वाक्याचं वजन करता येतं.

सुरुवात बाबरापासून करतो. बाबराचं नाव काढलं की आपल्याकडे वेगळेच विषय निघतात. आज फक्त त्याच्या पेल्याविषयी बोलू. बाबरनामा हे त्याचं चगताई तुर्कीतलं आत्मवृत्त. त्यात पिण्याच्या मैफलींची वर्णनं जागोजाग आहेत. कुठल्या बागेत बसलो, कोण जास्त झाल्यावर काय बरळला, कोण घोड्यावर कसा बसला, सगळं मोकळेपणानं लिहिलेलं. चाळिशी आली की सोडायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण चाळिशीला वर्ष उरलं तेव्हा तो लिहितो की मुदत जवळ आली म्हणून आता जास्तच पितो आहे. 'येत्या एक तारखेपासून बंद' म्हणणारा माणूस एकतीस तारखेला काय करतो, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना या पानावर थांबावं लागतं.

चाळिशी आली आणि गेली, पिणं चालू राहिलं. मग १५२७ साल उजाडलं. राणा संगाशी खानव्याची लढाई तोंडावर होती, सैन्य धास्तावलेलं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस बाबरानं दारू सोडल्याचं जाहीर केलं. सोन्याचांदीचे पेले, सुरया फोडल्या आणि तुकडे गरिबांना वाटले. छावणीतली दारू जमिनीवर ओतली. गझनीहून नुकतीच उंटांवरून आलेली दारू होती, तिच्यात मीठ घालून सिरका करायला सांगितलं. त्याच्याबरोबर सुमारे तीनशे जणांनी तौबा केली.

इथपर्यंतचं शाळेच्या पुस्तकातही येतं. त्यापुढचं येत नाही. दोन वर्षांनी, १५२९ मध्ये, काबूलकडे गेलेल्या ख्वाजा कलां या जुन्या दोस्ताला बाबरानं पत्र लिहिलं. त्यात तो कबूल करतो की ही दोन वर्षं दारूच्या मैफलीची ओढ इतकी होती की कधीकधी रडू यायच्या बेताला येई. यंदा मात्र ती ओढ गेली आहे, आणि त्याचं श्रेय तो देतो एका पद्यानुवादाला. ख्वाजा अहरार यांची 'वालिदिया' ही पोथी तो ओवीबद्ध करावी तशी तुर्की पद्यात उतरवत होता. कवी म्हणून मला या ओळीचा हेवा वाटतो. दोस्तालाही तो सोडायचा सल्ला देतो. माजूम मात्र, म्हणजे अफूभांगेचा तो गोड पाक, बाबरानं सोडला नव्हता. तेही त्यानंच लिहून ठेवलंय. पण दारूला तो पुन्हा शिवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात नाही.

म्हणजे पहिली गोष्ट नक्की झाली. पुन्हा न पिताही माणूस सुटू शकतो. तडफड होते, दोन-दोन वर्षं होते, तरी सुटू शकतो. परत पिणं ही बरं होण्याची अट नाही.

आता त्याच घराण्यातल्या पणतवंडांकडे या. अकबराला तीन मुलगे वाढले: सलीम, मुराद आणि दानियाल. तिघंही पिणारे. मुराद दख्खनच्या मोहिमेवर आला आणि १५९९ मध्ये इथेच गेला, आपल्या जालन्याच्या परिसरात. वय जेमतेम तीस. दारूनंच गेला, असं त्याच्या भावानं, म्हणजे सलीम ऊर्फ जहांगीरनं, आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय. मग दख्खनची सुभेदारी आली दानियालकडे. त्याचं ठाणं बुऱ्हाणपूरला. रावेरच्या पलीकडे तापीकाठी आजही तो शाही किल्ला उभा आहे.

दानियालची हकीकतही जहांगीरनंच सांगितली आहे, आणि ती नीट ऐकण्यासारखी आहे. अकबराच्या कानावर आलं की धाकटाही त्याच वाटेनं चाललाय. त्यानं बुऱ्हाणपूरला खानखानान अब्दुर्रहीमला कडक फर्मानं धाडली. हा अब्दुर्रहीम म्हणजे आपण दोह्यांमुळे ओळखतो तो रहीम. दानियालचा सासराही तोच. त्यानं पहारे बसवले. आत कोण जातंय, काय नेतंय, सगळं तपासलं जाऊ लागलं. दारूच्या वाटा बंद झाल्या. शहजादा नोकरांपुढे रडू लागला, गयावया करू लागला. त्याला शिकारीचा शौक होता आणि एक बंदूक फार लाडकी होती. तिच्या नावातच 'जनाजा' हा शब्द होता; ती ज्याला लागेल त्याचा जनाजाच निघेल, असा त्याचा अभिमान. त्यानं आपल्या एका बंदूकवाल्याला सांगितलं, त्या बंदुकीच्या नळीत भरून आण. माणसानं आणली. दुबार गाळलेला कडक अर्क, त्यात नळीतला गंज आणि बारुदीचा अंश. दानियाल प्यायला, आडवा झाला, आणि पुन्हा उठला नाही. १६०५ साल. वय तेहतिशीच्या आसपास. त्याच वर्षी काही महिन्यांनी अकबरही गेला.

मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मोटारीच्या ट्यूबमध्ये हातभट्टी भरून नेत, ते ज्यांना आठवतं त्यांना बंदुकीच्या नळीचं नवल वाटणार नाही.

मला या हकिकतीत एक गोष्ट खुपते. त्या महालात पहारेकरी होते, हकीम असतील, बापाची फर्मानं होती, सासऱ्याची करडी नजर होती. पण दानियालनं कुणाला जाऊन म्हणावं की 'मला राहवत नाहीये, आज रात्र माझ्याजवळ बसा', असं कुणी त्या हकिकतीत तरी दिसत नाही. त्याला पुन्हा प्यायची होती तर ती चोरूनच प्यावी लागणार होती. चोरून पिणारा जे मिळेल ते पितो.

आणि जहांगीर? त्याचं लिखाण सगळ्यांत सविस्तर. अठराव्या वर्षापर्यंत आपण चव घेतली नव्हती, असं तो म्हणतो. मग द्राक्षाची दारू. ती चढेना म्हणून अर्क. नऊ वर्षांत मजल दिवसरात्र मिळून दुबार गाळलेल्या अर्काच्या वीस पेल्यांवर गेली. हात इतके थरथरत की पेला दुसऱ्यानं तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामनं तोंडावर सांगितलं, असंच चाललं तर सहा महिन्यांनी माझ्याकडेही इलाज राहणार नाही. जहांगीरनं ऐकलं. सात वर्षं लावून तो हळूहळू सहा पेल्यांवर आला, आणि अर्कात द्राक्षाची सौम्य दारू मिसळू लागला. पुढे पंधरा वर्षं त्यात घटबढ नाही, असं तो अभिमानानं नोंदवतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण १६२१ च्या सुमाराच्या पानांवर तो पुन्हा सांगू लागतो. दम्याचा त्रास होता, प्यायल्यानं जरा बरं वाटे, म्हणून रिवाज सोडून दिवसाही घेऊ लागलो आणि बघता बघता प्रमाण सुटलं. उन्हाळ्यात प्रकृती ढासळली. हकिमांनी हात टेकले. मग नूरजहाँनं सूत्रं हातात घेतली आणि थोडी थोडी करून त्याची दारू कमी केली. हकिमांपेक्षा तिची अक्कल आणि अनुभव जास्त, असं हिंदुस्थानचा बादशहा आपल्या बायकोबद्दल लिहितो. त्यानं दारू सोडली कधीच नाही, त्यामुळे त्याला व्यसनमुक्त म्हणता यायचं नाही. भावांच्या मानानं तो पंचवीस-तीस वर्षं जास्त जगला, एवढंच. पण आपण सावरलो होतो आणि पुन्हा घसरलो, हे बादशहानं स्वतःच्या रोजनिशीत लिहावं, याला मी फार मानतो.

'तौबा' हा शब्द मी मघापासून वापरतोय. मराठीत तो कान पकडण्यापुरता उरलाय. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ आहे परत येणं, मागे वळणं. वाट चुकलेला माणूस उलटा फिरतो, ती तौबा. अल्लाहच्या नावांपैकी एक 'अत्-तव्वाब', आणि त्या शब्दाच्या घडणीतच 'पुन्हा पुन्हा' हा भाव आहे: परत येणाऱ्याला पुन्हा पुन्हा पदरात घेणारा. कुरआनात दारूची मनाईसुद्धा एका दमात आली नाही, असं भाष्यकार सांगतात. आधी हिच्यात फायद्यापेक्षा पाप मोठं आहे एवढंच म्हटलं, मग नशेत नमाजला येऊ नका, आणि त्यानंतर पूर्ण बंदी. पण त्याच परंपरेत दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. तौबा करतानाच मनात 'पुढच्या ईदपर्यंत' असं असेल, तर ती तौबाच नव्हे. करणाऱ्याचा त्या क्षणीचा इरादा कायमचा असला पाहिजे. पुढे मोडली तर दार उघडं आहे. मोडायचीच म्हणून केली तर दारापाशी आलाच कोण?

उर्दू शायरीनं तौबा मोडण्याचं इतकं कौतुक करून ठेवलंय की विचारू नका. ढग दाटून आले, तौबा तुटली! मुशायऱ्यात दाद मिळते. मीही दिली आहे. पण वस्तीत तौबा तुटते तेव्हा ढगबिग नसतात. पोरांच्या फीचे पैसे नसतात. आपल्याकडे वारकऱ्याची माळ घातलेली माणसं असतात. माळ घालून दहा-दहा वर्षं टिकलेली मी पाहिली आहेत, आणि माळ खुंटीला अडकवून गुत्त्यावर जाणारीही. शिवाय श्रावण पाळणारे आणि रमजान पाळणारे आहेत. महिनाभर थेंबाला शिवत नाहीत. 'बघा, मनात आणलं तर सोडू शकतो' हे दाखवून होतं, आणि मग ईदच्या किंवा गणपतीच्या पाठोपाठ जुनं सुरू. याला परत घसरणं म्हणायचं कशाला? तो सोडायला निघालाच नव्हता, सुट्टीवर गेला होता.

शपथ घेतली, ती मोडली, आता त्या माणसाचं काय करायचं? हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या घरात न सोडता चारचौघांत, सभेत विचारला जाऊ लागला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. तिथे शपथ कागदावर सही करून घेत. १८४० च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून अशी शपथ लिहिली आणि वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ उभी राहिली. याआधी दारूविरुद्ध बोलत ते पाद्री आणि प्रतिष्ठित लोक. इथे सुटलेला पिणारा पिणाऱ्याला सांगत होता. चळवळ वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच वर्षांत विझलीही, पण तिच्या काळात एक बुकबाइंडर पुढे आला, जॉन गॉफ. इंग्लंडात जन्मलेला, बायको आणि मूल गमावलेला, पार खचलेला. १८४२ मध्ये वूस्टरला त्यानं सही केली. काही महिन्यांत मोडली. सभेत उभं राहून सांगितलं, पुन्हा सही केली, आणि मग अमेरिकेतला सगळ्यांत मोठा वक्ता झाला. १८४५ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये आठवडाभर गायब झाला आणि सापडला तो एका कुंटणखान्यात, नशेत. कुणीतरी सोड्यातून काहीतरी पाजलं, असं त्याचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. गॉफचं म्हणणं खरं होतं की खोटं, यावर तेव्हाही भांडणं होती. पण तो घरी तोंड लपवून बसला नाही. पुन्हा उभा राहिला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाजवळ भाषण करता करता कोसळून गेला तोपर्यंत, चाळीस वर्षं, बोलत राहिला.

आता मी १९३५ च्या अ‍ॅक्रनला येतो. ओहायो राज्यातलं हे रबराचं, टायरचं शहर. मे महिन्यात तिथे न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आला, बिल विल्सन. वय चाळिशीला टेकलेलं. इस्पितळाच्या वाऱ्या करून करून आदल्या डिसेंबरात त्याची दारू सुटली होती. अ‍ॅक्रनचा धंद्याचा डाव फसला, खिशात पैसे नाहीत, हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा, आणि एका बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. तो घाबरला. त्याला एक गोष्ट उमगली होती: दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलं की आपली तलफ मागे पडते. त्यानं भिंतीवरच्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. त्यातून एका बाईंमार्फत १२ मेला त्याची गाठ पडली डॉक्टर रॉबर्ट स्मिथशी. हे सर्जन. दारूनं धंदा बुडत आलेला, कर्ज झालेलं, हात थरथरणारे. पंधरा मिनिटं थांबेन म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. उपदेश त्यांनी खूप ऐकला होता. आपल्याच रोगाचा माणूस आपल्याच भाषेत बोलताना ते पहिल्यांदा ऐकत होते.

डॉक्टरांनी पिणं थांबवलं. बिल त्यांच्याच घरी राहायला आला. आणि तीनएक आठवड्यांनी डॉक्टर अटलांटिक सिटीला डॉक्टरांच्या अधिवेशनाला निघाले. बायकोचा, अ‍ॅनचा, जीव वरखाली. पण बिल म्हणाला, जाऊ द्या, जगात राहायलाच हवं ना. डॉक्टरांनी गाडीत बसल्यापासून सुरुवात केली. काही दिवस पत्ता नाही. शेवटी त्यांच्या नर्सचा फोन आला, इथे आहेत, घेऊन जा.

मोठी परीक्षा पुढेच होती. तीन दिवसांनी डॉक्टरांना एक शस्त्रक्रिया करायची होती, आणि ती त्यांनाच करायची होती. बिल आणि अ‍ॅन त्यांच्याजवळ पाळीनं बसले. एकदम बंद केली असती तर हात आणखी कापले असते, म्हणून मापानं देत देत उतरवली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी बिलनं गाडीतून इस्पितळापाशी नेलं आणि हात स्थिर राहावा म्हणून एक बिअरची बाटली दिली. डॉक्टर आत गेले. तास उलटले, घरी फोन नाही. घरच्यांना वाटलं, गेले पुन्हा. डॉक्टर परतले ते संध्याकाळी. शस्त्रक्रिया नीट झाली होती, आणि त्यानंतर ते गावभर फिरून ज्यांची ज्यांची देणी होती, ज्यांना टाळत होते, त्यांच्या दारात जाऊन सगळं सांगून आले होते.

ती बाटली शेवटची. १९५० मध्ये वारले तोवर डॉक्टरांनी पुन्हा घेतली नाही. तो दिवस १० जून १९३५ मानतात आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, एए चा, स्थापनादिन. इतिहास तपासणारे सांगतात की डॉक्टरांचं ते अधिवेशनच त्या आठवड्यात होतं, तेव्हा खरी तारीख आठवडाभर पुढची असावी. असेल. दारू सोडायला मदत करणाऱ्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या संघटनेचा वाढदिवस एका घसरणीच्या शेवटाशी बांधलेला आहे, एवढं मात्र त्यानं बदलत नाही.

आणि पुढचंही बघा. त्याच महिन्याच्या अखेरीस डॉक्टर आणि बिल अ‍ॅक्रनच्या इस्पितळात तिसरा माणूस शोधायला गेले. तो वकील होता आणि सहा महिन्यांत आठव्यांदा दाखल झालेला. ज्याला स्वतःला दोनच आठवडे झालेत, असा माणूस दुसऱ्याच्या खाटेशी बसतो! पहारेकरी नव्हे, हकीम नव्हे. बुऱ्हाणपूरच्या महालात जे नव्हतं ते हे होतं.

एए नं १९५५ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःचा हिशेब मांडला. जे आले आणि ज्यांनी मनापासून प्रयत्न केला, त्यांतले निम्मे लगेच सुटले आणि सुटलेलेच राहिले. पाव हिस्सा काही वेळा घसरून मग सुटले. हा संघटनेचा स्वतःचा दावा आहे, शास्त्रीय पाहणी नव्हे. 'मनापासून प्रयत्न केला' हे ठरवणार कोण, असंही विचारता येतं. तरी त्यातली मांडणी मला पटते. काही न घसरता सुटतात, काही घसरून सुटतात.

शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे उशिरा वळले. १९७१ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी दारू, हेरॉइन आणि सिगारेट सोडलेल्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले, तर तिन्हींचा आकार जवळजवळ सारखा निघाला. पहिल्या काही महिन्यांत भराभर घसरण, मग रेषा सपाट होत जाते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी नेमकं केव्हा घसरतात ते विचारलं. उत्तरं मुख्यतः तीन मिळाली: मन खट्टू असताना, घरीदारी भांडण झाल्यावर, आणि चारचौघांनी आग्रह केल्यावर. १९८५ च्या पुस्तकात त्यांनी एक पेला आणि पूर्ण कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मांडलं. मधली पायरी डोक्यातली असते. 'मोडलीच ना शपथ, मी असाच, आता काय राहिलंय' असं मनात आलं, की पहिल्या पेल्यामागून बाटली येते. २००० मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के व्यसनी परत वळतात, असं त्यात होतं; आणि रक्तदाब, दमा यांच्या रोग्यांचंही पथ्य-औषध सुटून दुखणं उलटण्याचं प्रमाण त्याहून कमी नाही. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण रोग्याला नालायक म्हणत नाही, पुन्हा औषध देतो.

इथे मी त्या समुपदेशकांच्या वाक्याशी भांडतो. दम्याचा झटका हा दम्याचा भाग आहे. तो बरं होण्याचा भाग आहे, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. पुन्हा पिणं हा आजाराचा भाग. बरं होण्याचा भाग आहे तो परत येणं. अरबीतल्या त्या जुन्या शब्दात हे आधीच होतं. आणि परत यायला माणूस जिवंत राहायला हवा. घसरणीत माणसं मरतात: गाडीखाली, रक्ताच्या उलट्यांनी, किंवा भीतीनं एकदम बंद केल्यावर झटके आणि भ्रम होऊन. म्हणून बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एका रात्रीत बंद करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं. अशा केंद्रांमधून 'स्लिप' हा शब्द मराठी घरांत आला. 'तो स्लिप झाला' असं आता खेड्यातली आईही म्हणते. इंग्रजी असला तरी मला तो बरा वाटतो. 'बाटला', 'नासला', 'गेला कामातून' हे आपले जुने शब्द दार लावून घेणारे होते. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. अमेरिकेत बिलच्या बायकोनं, लोईसनं, १९५१ मध्ये घरच्यांची वेगळी संघटना काढली होती, ती याच कारणानं. नूरजहाँला जे जमलं ते प्रत्येकीला जमेल असं नाही, आणि तिच्याकडे बादशाही तिजोरी होती. ओसरीवरच्या बाईनं नवऱ्याचे पेले मोजत जन्म काढावा, असं कोण म्हणेल? ती मारहाण सोसत असेल तर तिनं आधी मुलांना घेऊन बाहेर पडावं. दार उघडं ठेवायला दुसरी माणसं असली पाहिजेत, म्हणून तर गट असतात.

शेवटी एका माणसाविषयी सांगायचं राहिलंय. बिल विल्सनची दारू सुटली ती एकाएकी नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये त्याच्या स्वयंपाकघरात त्याचा शाळकरी वयापासूनचा दारूडा दोस्त येऊन बसला होता, एबी थॅचर. बिलनं पेला पुढे सरकवला तर एबीनं नको म्हटलं, आणि कसं सुटलं ते सांगितलं. एए चा पहिला निरोप हा असा आला. पण निरोप्याचं काय झालं? एबी सुमारे अडीच वर्षांनी घसरला. पुन्हा सुटला, पुन्हा घसरला. वर्षानुवर्षं असं चाललं. ज्यानं हजारोंचं दार उघडलं तो स्वतः उंबऱ्यावरच ये-जा करत होता. बिलनं त्याला टाकलं नाही. पैसे पाठवले, राहायची सोय केली, आणि सगळ्या जगासमोर त्याला 'माझा मार्गदर्शक' म्हणत राहिला. काही वर्षं टेक्सासमधल्या मित्रांनी त्याला सांभाळलं. आयुष्याच्या अखेरीला न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावी एका जोडप्यानं चालवलेल्या विश्रामगृहात तो राहिला. तिथे १९६६ मध्ये तो वारला. तेव्हा त्याला दारूला शिवून दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता.